हरणांची मंद

ती बाई शाळेत आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. आता कबूल करायला कसली लाज? सोलापुरात मुलींच्या शाळेत मी दुसरी शिकवत होते, पुण्याला जाऊन ट्रेनिंग घेतलेली. ती माळशिरसकडची, बिनट्रेनिंगची, तासालासुद्धा हाय-न्हाय करणारी. दुसरीचाच दुसरा वर्ग तिच्याकडं. मधे नुसता बांबूचा तट्ट्या, त्यामुळं तिच्या पोरींचं हसू मला दिवसभर ऐकावं लागे.

एकदा मी समूहाचे शब्द घेत होते. पक्ष्यांचा थवा, मुंग्यांची रांग, गुरांचं खिल्लार. हरणांचा काय, असं विचारल्यावर विणकराघरची एक पोर उठून म्हणाली, "हरणांची मंद." तिच्या घरी तेलुगू. त्यांच्यात कळपाला मंद म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी जीभ वळवळलीच.

"हरणं कसली, मंद तू आहेस," मी म्हणाले.

वर्ग फिदीफिदी हसला. पोर खाली बसली, ती पुन्हा माझ्या तासाला तोंड उघडायची नाही.

मधल्या सुट्टीत ती बाई आली आणि हळूच म्हणाली, "तिच्या घरचा शब्द हाय की तो, बाई. चुकलं कुटं?"

मला शिकवते! अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी तिच्या फळ्यावर 'कळप'च्या शेजारी 'मंद' लिहिलेलं, आणि आठवड्याभरात त्या पोरीच्या बापानं हेडबाईंना सांगून पोरीला त्या बाईच्या वर्गात घालून घेतलं.

पुढं तर कहर झाला. बाईनं कुणाकडून तरी दोन बैलगाड्या मागून आणल्या आणि पोरींना गावाबाहेरच्या माळावर काळविटं बघायला नेलं. आल्या त्या नाचतच. एकोणीस मोजली म्हणे, त्यात दोन पाडसं. माझ्या पोरी तट्ट्याच्या फटीला डोळे लावून बसायच्या. आम्हाला कधी नेणार, असं एकीनं विचारलं, तेव्हा मी सगळ्यांना पाढे लिहायला लावले.

मग तपासणीला साहेब आले. आपल्यातलेच, पण डोक्यावर साहेबी टोपी. त्यांना शिकारीचा नाद होता, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, आणि टांग्यात ठेवलेली बंदूक मी डोळ्यांनी पाहिली होती. माझ्या वर्गात ते पाच मिनिटं थांबले, तिच्या वर्गात अर्धा तास, पोरींकडून काळविटांच्या गोष्टी ऐकत. चहाच्या वेळी त्यांनी तिला विचारलं, हरणं नेमकी कुठं दिसतात.

"आता न्हाईत दिसत, साहेब," ती म्हणाली.

धडधडीत खोटं. मी पुढं झाले. तट्ट्याआडून ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं होतं. ओढा कुठला, त्यापलीकडची वाकडी बाभळ कुठली, उन्हं चढायच्या आत का जावं लागतं, सगळं सांगितलं. साहेबांनी माझ्या वर्गाला 'उत्तम' असा शेरा दिला. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. जिरली एकदाची, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी तिनं पोरींना पुन्हा माळावर नेलं. गाड्या लवकर परत आल्या. कुणी नाचत नव्हतं. मी दारातच उभी होते. ती विणकराघरची पोर गाडीतून उतरून सरळ माझ्यापुढं येऊन थांबली. कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी बोलत होती.

"बाई, एकच होतं," ती म्हणाली. "एक असलं तर काय म्हणायचं?"

टोमणा मारायचं तिचं वय नव्हतं. समूहाचे शब्द मी शिकवत होते, म्हणून मला विचारत होती. मी तिला वर्गात जा म्हणाले.

ती गेली आणि त्या बाईचा पदर धरून रडायला लागली. बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. खरं सांगते, त्या घटकेलाही मला त्या बाईचा हेवाच वाटला.