सतरा गिरहांचा गज

अकोला ते अमरावती या रस्त्याला कापडाचं ठाण समजणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांचं अकोल्याला कापडाचं दुकान होतं. वडिलांच्या हातचा लोखंडी गज गादीवर आडवा पडलेला असे आणि मामांच्या लेखी जगातली प्रत्येक लांबी त्या गजानं मोजण्यासाठीच जन्माला आलेली होती. सोळा गिरहांचा एक गज, एवढंच त्यांचं गणित. पण ते त्यांनी कशाला लावलं नाही? त्यांचं अकोला आणि माझं अमरावती यांच्यातलं अंतर साठ मैल, असं कुणी म्हणालं की मामा डोळे मिटून पुटपुटत, "एक लाख पाच हजार सहाशे गज. म्हंजे नऊवारी लुगडी झाली अकरा हजार सातशे तेहतीस. वरतून तीन गज उरते, त्याच्या चोळ्या करा!"

मुलगी पाहायला मी गेलो, तेव्हा मुलीपेक्षा मलाच जास्त पाहिलं गेलं. मामांनी मला टाचेपासून शेंडीपर्यंत एकदा न्याहाळलं आणि बहिणीला सगळ्यांदेखत सांगितलं, "पावणेदोन गज. लांबी बेताचीच हाय, पन पन्हा बरा हाय. ठरवून टाक, बाई." पुढे माझा पन्हा वाढतच गेला आणि बायको प्रत्येक दिवाळीला मामांच्या पारखीचं कौतुक करीत राहिली.

मग मीटर आला. मामांना तो घरात शिरलेल्या परक्या माणसासारखा वाटला. "मीटर म्हंजे गज अन् वरतून दीड गिरह. मले सांगा जवाईबापू, हे दीड गिरह कोनाच्या बापाचं?" रस्त्यावरचे मैलाचे दगड बदलले, तेव्हा एसटीत त्यांनी कंडक्टरला विचारलं, बडनेरा किती राहिलं? तो म्हणाला, तीन किलोमीटर. "बत्तीसशे ऐंशी गज अन् तेरा गिरह," मामांनी गाडीभर ऐकवलं. कंडक्टर वैतागून म्हणाला, "आजोबा, तुमाले उतराचं हाय का शिवाचं हाय?"

मी वजनमापांच्या कचेरीत निरीक्षक होतो, हे इतक्या उशिरा सांगतो आहे, ते मुद्दामच. आजवर कुठेच नीट सांगितलेलं नाही. जुनी मापं जमा करण्याची मुदत संपली, तरी मामांचा गज गादीवरच होता आणि त्यांची गल्ली माझ्या यादीत होती. मी जप्तीच्या कागदावर सही केली, सहकाऱ्याला पाठवलं, आणि स्वतः काम काढून अचलपूरच्या गाडीत बसलो.

दोन दिवसांनी गज माझ्या टेबलावर आला. सहज म्हणून मोजला. पुन्हा मोजला. सतरा गिरह भरला! कुण्या लोहाराचा हात चुकला होता, की मामांचे वडीलच तसे होते, देव जाणे. दोन पिढ्या गिऱ्हाईक गजामागे एक गिरह जास्त घेऊन घरी जात होतं, आणि ते ना गिऱ्हाइकाला ठाऊक, ना मामांना. ज्या मीटरशी ते हयातभर भांडले, त्याच्यापासून त्यांचा गज जेमतेम अर्धा गिरह दूर होता. मला हसू आलं. नियमाप्रमाणे गजाचे करवतीनं दोन तुकडे झाले. त्या कागदावरही सही माझीच.

बाजारात मात्र बोललं गेलं, गज धरला म्हणजे आखूडच असणार. महिन्याभरात मामा अमरावतीला माझ्या घरी आले. चहाला हात लावला नाही. "जवाईबापू, तुमी त्या कचेरीत हा. खरं सांगा. माया गज आखूड होता काय?"

'लांब होता' म्हणायला दोन शब्द पुरले असते. पण ते म्हटलं असतं, तर गज माझ्या टेबलावर कसा आला हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "मोजलाच नाही कुणी, मामा. तसाच तोडला."

"मंग आता कोनाले इचारू?" ते म्हणाले.

मी त्यांना स्टँडवर सोडायला निघालो. वाटेत त्यांना खुलवावं म्हणून विचारलं, "मामा, स्टँड किती लांब असेल हो?"

"असन एक किलोमीटर," ते म्हणाले, आणि पुढे चालत राहिले.

त्यानंतर मामांच्या तोंडून गज ऐकल्याचं कुणाला आठवत नाही. मी अकोल्याला जाणं टाळू लागलो. लग्नकार्याला बायकोला पाठवायचो. आता मामा नाहीत. हिशेब करायची खोड मात्र मला लागली आहे. मामांच्या गजानं मोजलं, तर अकोला सहा हजार दोनशे बारा गजांनी जवळ येतं. इतकं जवळ होतं, तरी मी गेलो नाही.