आज काही विशेष नाही

माझ्या हातून आजवर ज्या चुका झाल्या, त्यांतली सगळ्यांत सुबक अक्षरात केलेली चूक ही. बावन्न सालच्या सतरा जुलैला सकाळी सात वाजता, कोपरीच्या आमच्या मोफत वाचनालयाच्या फळ्यावर मी लिहिलं : 'आज काही विशेष नाही.'

नुसतं लिहून थांबलो असतो तर एक वेळ निभावलं असतं. पण मजकूर एवढासा आणि फळा केवढा मोठा! रिकामी जागा बघवेना. मग भोवती रंगीत खडूने वेलबुट्टी काढली, चार कोपऱ्यांत चार कमळं काढली, आणि 'विशेष' या शब्दाखाली पिवळी नागमोडी रेघ ओढली. दोन पावलं मागे सरून, मान वाकडी करून पाहिलं. बरं जमलं होतं. खूश होऊन कचेरीत गेलो.

वाचनालयाच्या ओसरीवर हा फळा टांगलेला असे. त्याच्यावर रोज त्या तारखेचं दिनविशेष लिहायचं. आज कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, कुठली लढाई, कसला शोध. हे काम माझ्याकडे आलं ते ज्ञानामुळे नव्हे, अक्षरामुळे. ठाण्याच्या कोर्टात मी नकला करणारा कारकून. पंधरा वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं पुन्हा लिहीत होतो, त्यामुळे अक्षर झकास आणि डोकं मोकळं. कुणीतरी देणगी दिलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचनालयात होतं. त्यात तारीखवार घडामोडी असायच्या. ते उघडायचं, त्यातलं मराठीत आणायचं, झालं. त्या पुस्तकात सतरा जुलैला आम्हाला जवळचं वाटेल असं काही सापडलं नाही. आणि 'काय, विशेष काय?' असं रस्त्यात कुणी विचारलं की 'काही विशेष नाही' हे उत्तर आपल्या तोंडात तयारच असतं. तेच फळ्यावर उतरलं.

संध्याकाळी घरी आलो तर चहाचा कप पुढ्यात ठेवला गेला, पण जरा आवाज करून. आमच्या घरात भांडण असं होत नाही. भांडी बोलतात. मी कपाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"काय झालं?"

"काही विशेष नाही," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. पण नक्की कशावर पडला ते कळेना.

"अहो, काल संध्याकाळी मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

काल संध्याकाळी मी शब्दकोडं सोडवत होतो. 'जलवाहन, दोन अक्षरी' असं काहीसं अडलं होतं. तिने काहीतरी सांगितल्याचं आणि मी 'हो' म्हटल्याचं आठवत होतं. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या माणसाच्या 'हो'चा आणि ऐकण्याचा संबंध असतोच असं नाही.

"मी म्हटलं होतं, उद्या फळ्यावर बोटीचं लिहा. तुम्ही म्हणालात, हो. मग म्हणालात, होडी! आणि कोड्यात लिहिलंत."

बोट म्हणजे रेवसची बोट. सत्तेचाळीस साली सतरा जुलैला सकाळी मुंबईच्या धक्क्यावरून रेवसला जायला निघाली आणि वाटेत वादळात बुडाली. दिव्यांची अवस होती. सणाला घरी निघालेली शेकडो माणसं तीत होती. पोहत किनाऱ्याला लागले ते थोडे. पुढे महिन्याभरात स्वातंत्र्य आलं, पताका लागल्या, पेढे वाटले गेले, आणि ज्यांचं कुणी त्या बोटीत नव्हतं ते बोट विसरून गेले. मी त्यांतलाच.

बायको मात्र विसरू शकत नव्हती, कारण तिच्या वर्गात मावशी होत्या. वाचनालयात दुपारी तीन ते चार बायकांचा साक्षरतेचा वर्ग चाले, तो आमची ही घेई. मावशी आमच्या दारावर भाजी घेऊन येत. पावसाळ्यात टोपलीत टाकळा, अळू, कुर्डू, आणि वर इरलं. त्यांचा नवरा रेवसकडचा. बोट बुडाल्यावर वर्षभरात नवराबायको तिकडचं घर बंद करून कोपरीला मावशींच्या भावाच्या आसऱ्याला आली. नवरा मिठागरावर कामाला लागला. त्यांचा एकुलता एक मुलगा, वीस वर्षांचा, मुंबईत गोदामात काम करणारा, त्या बोटीत होता. तो मिळाला नाही. ना जिवंत, ना दुसरा.

शरीर मिळालं नाही म्हणून बापाने मुलाचा दिवस करू दिला नव्हता. दिवस करणं म्हणजे गेलेल्या माणसाचं जे करायचं ते : पिंड, पान, कावळ्याला घास. पाच वर्षं झाली तरी नाही. "पोर पवनारा व्हता," बाप म्हणायचा, म्हणजे पोहता येणारा. "खय तरी लागला आसल." मिठागर बंद असलं की तो खाडीच्या कडेला जाऊन बसे. मावशींनी जेवताना मुलाचं नाव काढलं तर ताटावरून उठे. आणि मावशींना रोज एकच वाटे : आपलं पोर उपाशी आहे. पाच वर्षं त्याला घास गेला नाही.

त्यांनी नवऱ्याला वर्तमानपत्रातल्या बुडालेल्यांच्या याद्या दुसऱ्यांकडून वाचून घेऊन ऐकवल्या होत्या. तो म्हणे, "पेपरान कायपन छापतात. सकाली छापला, सांजला त्यान चने." पण आमच्या फळ्यावर त्याचा विश्वास होता. एकदा पंधरा ऑगस्टला मी फळ्यावर 'झेंडावंदनानंतर पेढे' असं लिहिलं होतं आणि त्याला खरोखर दोन पेढे मिळाले होते. तेव्हापासून तो म्हणे, मोठ्या लोकांचं जे खरं असतं ते फळ्यावर येतं. एक दिवस चिडून मावशींना म्हणाला, "फल्याव येल तवा मानीन."

म्हणून मावशी वर्गात आल्या. चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकल्या. आपल्या तोंडाने नवऱ्याला फळा वाचून दाखवायचा, म्हणून. आणि आमच्या हिने त्यांना शब्द दिला, सतरा तारखेला फळ्यावर बोट येईल. का नाही देणार? नवरा 'हो' म्हणाला होता.

"मग?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मग काय? भर पावसात त्याला घेऊन आल्या. सगळ्यांच्या देखत बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. आ-ज. का-ही. वि-शे-ष." बायको थांबली. "जोडाक्षर एकही नव्हतं. एकदाही अडल्या नाहीत."

"आणि तो?"

"तो हसला हो! पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, बग, फल्याव पन नाय. कायच जाला नाय. आनी किती झ्याक फुला काडल्यान!"

माझी कमळं. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मावशी भाजी घेऊन आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी फळ्यावर शास्त्रज्ञ, सेनापती असे कोणकोण लिहीत होतो, पण प्रत्येक 'आज' लिहिताना हात जड होई. सतरा जुलै आता पुढल्या वर्षी. वर्षभर बाप हसत राहणार, आणि मावशी?

रविवारी सकाळी बायको समया, निरांजनं चिंचेने घासत बसली होती. मी आपला उगीच तिच्या आजूबाजूला. म्हटलं, "एवढे सगळे कशाला काढलेस?"

"उद्या अवस ना दिव्यांची."

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या वडिलांचं श्राद्ध मी तिथीने करतो, आणि ते गेल्याची आठवण मला तारखेला येते. आपल्याकडे प्रत्येक गेलेल्या माणसाला वर्षातून असे दोन दिवस असतात. त्यातला एक मी वेलबुट्टी काढून घालवला होता. दुसरा उद्या होता.

तसाच छत्री घेऊन वाचनालयाच्या कार्यवाहांकडे गेलो. हे निवृत्त स्टेशनमास्तर. माणूस चोख. फळ्याचे नियम त्यांनीच केलेले.

"जमणार नाही," ते म्हणाले. "फळा तारखेचा आहे. तिथीसाठी आत खुंटीला पंचांग टांगलंय."

"पण तिथीसुद्धा खरीच ना?"

"खरी कसली? दर वर्षी दहा-अकरा दिवस लवकर सुटते, मग तिसऱ्या वर्षी महिनाभर लेट होते. असल्या गाडीचा बोर्ड मी लावत नाही. आणि थोरांच्या जयंत्यांमध्ये बुडालेली बोट कशाला? लोक सकाळी सकाळी वाचतात."

मग मी सगळं सांगितलं. शब्दकोड्यासकट. कमळांसकट. ते ऐकत राहिले. मग एकदम त्यांनी विचारलं, "बोट सुटली किती वाजता?"

"सकाळी आठच्या सुमाराला."

"आणि पोचली नाही."

"नाही."

"सुटलेली गाडी रजिस्टरात तशीच उघडी सोडता येत नाही हो," ते म्हणाले. "कुणीतरी लिहावंच लागतं. लिहा. पण सुरुवातीला 'पंचांगाप्रमाणे' असा शब्द घाला."

सोमवारी साडेसहालाच गेलो. फळा दोनदा पुसला. पांढरा खडू घेतला, रंगीत खिशातच ठेवला. लिहिलं : 'पंचांगाप्रमाणे पाच वर्षांपूर्वी आजच्या दिवशी, दिव्यांच्या अवसेला, मुंबईहून रेवसला निघालेली बोट वादळात बुडाली. शेकडो माणसे परत आली नाहीत.'

बायको मावशींना आणायला गेली होती. तिने तिथे काय सांगितलं मला माहीत नाही, पण तिघं आली. पुढे ही, मागे मावशी, आणि चार पावलं मागे घोंगडी पांघरलेला तो. पेपर वाचायला आलेले दोघे-तिघे बाजूला सरकले.

मावशी फळ्यापुढे उभ्या राहिल्या. पहिल्याच 'पंचांगाप्रमाणे'ला अडखळल्या. कार्यवाहांचा शब्द! बायकोने मदत केली नाही, आणि मलाही डोळ्याने दटावलं. मावशी सावकाश सरकत राहिल्या. 'रेवसला' मात्र त्यांनी एका दमात वाचलं. 'परत' म्हणून थांबल्या. मग 'आली नाहीत' म्हणाल्या.

तो माझ्याकडे वळला. "ह्या कुनी लिवला?"

"मी."

"गुरवारी लिवलेला ता पन तुमीच?"

"मीच."

"त्यान तर कायच नाय आसा व्हता. फल्याव खोटा लिवतात?"

कोर्टात रोज साक्षींच्या नकला उतरवतो मी. त्या दिवशी साक्ष द्यायची पाळी माझी होती. "फळा खोटा नाही," मी म्हटलं. "मी चुकलो. मला हिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. गुरुवारीसुद्धा हेच लिहायला हवं होतं."

त्याने पुन्हा फळ्याकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो वाचणाऱ्यासारखा बघत होता.

"ह्यान आमचा पोर खय हाय?"

मी 'शेकडो' या शब्दावर बोट ठेवलं.

"शेकडो म्हंजे कोन?" तो म्हणाला.

मी खडू उचलला आणि मावशींना मुलाचं नाव विचारलं. त्यांनी नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सांगितलं. मी खाली लिहिलं. ते इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे. एवढंच सांगतो की पंधरा वर्षांच्या नकलांत इतकं वाईट अक्षर मी काढलेलं नाही.

"वाच," तो मावशींना म्हणाला.

मावशींनी ते नाव अक्षरं न जुळवता वाचलं.

तो ओसरीच्या पायरीवर बसला. घोंगडी डोक्यावरून खाली आली, पागोळ्या खांद्यावर पडत होत्या, त्याला भान नव्हतं. कार्यवाह आत गेले आणि स्वतःसाठी आणलेला चहा त्याच्यापुढे ठेवून परत फिरले. चहा निवला. मग त्याने मान वर न करता विचारलं, "घरान दिवं घासलंस का गो?"

पाच वर्षं त्या घरात अवसेला दिवा लागला नव्हता.

"आता घासतय," मावशी म्हणाल्या. "तुमी उटा पयला. भिजताव."

दोघं गेली. या वेळी ती चार पावलं पुढेमागे नव्हती. संध्याकाळी बायको कणकेचे दिवे घेऊन त्यांच्याकडे जाऊन आली. दाराशी, खाडीकडे तोंड करून एक दिवा लावला होता, आणि भटजींना मुलाचा दिवस करायचं विचारायला बाप स्वतः गेला होता. मी ऐकलं, आणि मनावरचं ओझं जरा हललं तशी माझी जित्याची खोड वर आली. म्हटलं, "चला, उशिरा का होईना, तुझं ऐकलं की नाही मी?"

बायको समईची वात सारखी करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकता हो, ऐकता. मी तुम्हाला तारखेला सांगते, आणि तुम्हाला ते तिथीला ऐकू येतं."