निपाणीला न पोचलेली वाट

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. निपाणीच्या केंद्राचं इंटरनेट ज्या दिवशी बंद पडलं, त्या दिवशी चूक अण्णांची नव्हती. माझी होती.

आमची रक्ततपासणीची लॅब बेळगावात. नमुने घेणारी केंद्रं येळ्ळूर, उचगाव आणि निपाणीला. बेळगावचा राउटर माझ्याकडे, निपाणीचा अण्णांकडे. अण्णा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातले. माझ्याशी मराठीत बोलता बोलता केबलवाल्याला कन्नडमधून झापायचे. कॅन्टीनमधली बटाट्याची भाजी बाजूला सारत म्हणायचे, "हे जमिनीखालचं नेटवर्क आपल्याला चालत न्हाय रं."

राउटिंग मला शिकवलं त्यांनीच. राउटर एकमेकांना आपापल्या वाटा कळवत असतात. ज्याचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नाही त्याच्यासाठी एक सरसकट वाट असते, डिफॉल्ट रूट. अण्णांच्या शब्दांत, "उचगावचं पाकीट उचगावला. ज्याचं गावच ठाऊक न्हाय, ते बेळगावच्या दारात टाकायचं. फुडं तू हाईस की." इतर केंद्रांना ही वाट आपोआप मिळे. निपाणीचा भाग वेगळा मांडलेला होता, तिथं ती बेळगावच्या राउटरमधल्या एका ओळीनं मुद्दाम द्यावी लागे.

आमचा दोघांचा एक नेम होता. राउटरला हात लावायच्या आधी दुसऱ्याला फोन करायचा आणि काय बदलणार ते वाचून दाखवायचं.

बेळगावला इंटरनेटची नवी लाइन आली, तेव्हा दिवस कलला होता. अण्णा सूर्य मावळायच्या आत जेवतात. त्या वेळी फोन वाजला तर घास ठेवून उठतात. म्हणून मी फोन केला नाही. अर्धा तास थांबायचाही कंटाळा आला होता, तेही सांगून टाकतो. जुन्या लाइनीच्या ओळी पुसताना निपाणीची ती ओळही गेली. बेळगावचं इंटरनेट झकास चाललं. मी घरी गेलो.

सकाळी अण्णांचा फोन. "एकाचाबी रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर जाईना. तुझा राउटर दिसतोय, उचगाव-येळ्ळूरच्या वाटा हाईत, डिफॉल्ट तेवढा न्हाय. तुझ्याकडनं सोडलाईस न्हवं?"

"व्हय अण्णा," मी न बघताच म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःचा राउटर पुसून सगळं पुन्हा हातानं भरत बसले. बाहेर लोक रिपोर्टसाठी ताटकळत होते. बेळगावात लॅबचे साहेब म्हणाले, "बाकी सगळी केंद्रं चालू आहेत, म्हणजे बिघाड निपाणीतच." दुपारी मी माझ्याकडं बघितलं. ओळ नव्हती. गुपचूप टाकली. मिनिटाच्या आत अण्णांचा फोन.

"वाट आली रं! माझंच कायतरी चुकलं असंल."

"असंल, अण्णा."

एवढंच बोललो. माझी खुर्ची नवी होती, साहेब शेजारी उभे होते. आता ही कारणं कुणाला सांगणार?

साहेबांनी अण्णांचा पासवर्ड काढून घेतला. आता ते निपाणीत प्रिंटर आणि नमुन्यांचे डबे बघतात. माझ्यावरची माया मात्र तसूभर कमी झालेली नाही. मी निपाणीला गेलो की आधी चहा मागवतात, मग मला राउटरसमोर बसवतात आणि स्वतः मागे उभे राहतात. परवा म्हटलं, "अण्णा, तुम्हीच करा की."

"नगं रं. एकदा माझ्या हातनं दिवसभर लोकं खोळंबली. तू कर, मी बघतो."

मी केलं. त्यांनी बघितलं. पाठीवर थाप मारली.

ती ओळ मी पुसली, मीच परत टाकली आणि खापर अण्णांवर येऊ दिलं, हे त्यांना तोंडावर सांगायचं आणि साहेबांना लिहून द्यायचं, एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.