शेवटचा परिच्छेद गल्लीचा

जानकीबाईंच्या हाताखालून गेलेलं पोर फ्रेंच राज्यक्रांतीवर निबंध लिहायला बसलं, की शेवटी आपल्या गल्लीतल्या नळावर येऊन थांबतं. तो बाईंचा नियमच होता. रशियात जा, हिरोशिमाला जा, जग पालथं घाला, पण शेवटचा परिच्छेद आपल्या गल्लीचा, आपल्या घराचा. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशी सुरुवात केली की वही अंगावर आलीच म्हणून समजा. मी त्यांच्या शाळेतल्या पहिल्या तुकडीतली. औद्योगिक क्रांतीवर लिहिताना मी शेवटी आमच्या बाबांच्या बंद पडलेल्या गिरणीबद्दल लिहिलं होतं. ते बाईंनी दोनदा वाचलं. त्यांचे वडीलही त्याच गिरणीत होते.

जोगेश्वरीला लेण्यांच्या मागच्या बाजूला, टेकडीवर आमची वस्ती आहे. अर्ध्याहून जास्त घरं मालवण-कणकवलीकडची. बाई ज्या शाळेत शिकवायच्या ती मराठी शाळा मुलं आटली म्हणून बंद पडली. बाई घरी बसल्या आणि घरातच त्यांनी वर्ग काढला. अकरावी-बारावीची पोरं ओट्यापासून पलंगापर्यंत दाटीवाटीने बसायची. बाईंनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, “निबंध तपासूक वेळ गावत नाय, संसार कधी करू?” स्वभाव तापट, तोंड त्याहून तापट. पण एखादा निबंध मनासारखा उतरला की सगळ्या गल्लीला वाचून दाखवायच्या, अगदी भाजी घेता घेतासुद्धा.

त्यांचा दुसरा नियम अजून कडक होता. खोटं लिहायचं नाही. “घरात जे हाय ताच लिही,” त्या म्हणायच्या. “खोटा इतिहास लिवणारे पुष्कळ बसलेत, तुझी भरती नको.”

आता आमच्या वस्तीत हे बोलायला सोपं, लिहायला अवघड. पुनर्विकास येणार, येणार, असं मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय. ठरलेल्या सालाच्या आधीपासून राहत असाल तर पात्र, म्हणजे नव्या इमारतीत घर. नाही तर अपात्र, म्हणजे चालते व्हा. त्यामुळे प्रत्येक घरात एक तरी न सांगायची गोष्ट आहे. आमचीच सांगते. बाबांनी एका घराला पुढून दोन दारं काढून दोन नंबर मिळवले, एक भाऊ राजेशच्या नावावर, एक माझ्या. आतलं मधलं दार कपाटामागे आहे. रात्री कपाट सरकवून आम्ही एकत्र जेवतो. ते दार कोणाला दिसलं तर दोन घरांचं एक होईल आणि मी, नवऱ्याने टाकलेली बाई, या वयात भावाच्या दारात उभी राहीन. शेजाऱ्यांना हे माहीत आहे. शेजाऱ्यांचं आम्हाला माहीत आहे. कोणी बोलत नाही, म्हणून वस्ती उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी हर्षद आला. कुठल्याशा प्रतिष्ठानाचा माणूस, पांढरा सदरा, चपला बाहेर काढून बाईंच्या पाया पडला. आंतरशालेय का कसलीशी निबंध स्पर्धा घ्यायची आहे म्हणाला. विषय, ‘जगाचा इतिहास आणि माझं घर’. पहिल्या नंबराला लॅपटॉप. बाईंच्या नियमाबद्दल त्याने कुठूनतरी ऐकलं होतं. “बाई, तुमची पद्धत मुंबईभर जायला पाहिजे,” तो म्हणाला, आणि बाई चक्क लाजल्या. आयुष्यभर कोणी त्यांना असं काही म्हटलं नव्हतं. मी तिथेच बसले होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तो महिनाभर येत राहिला. पोरांसाठी वडापाव आणायचा, निबंध उचलून वाचायचा. एक गोष्ट मात्र मला खटकली. तो निबंध शेवटून वाचायचा. फाळणी, महायुद्ध, सगळी पानं उलटून थेट गल्लीवर. एकदा म्हणाला, “बाई, इतिहास थोडा कमी चालेल. शेवट मोठा करायला सांगा ना. कोण कधी आलं, कुठून आलं, घरात काय बदल केले. परीक्षकांना तेच आवडतं.” मी बाईंना म्हटलं, “बाई, हा इतिहासाचा माणूस वाटत नाही हां.” त्या माझ्यावरच उखडल्या. “तुका कोणाचा बरा बघवत नाय गो शुभे.”

पहिला नंबर निधीचा आला. दशरथ मेस्त्री सुतारकाम करतो, त्याची ही मुलगी. अकरावीत होती. बोलायला लाजाळू, लिहायला वाघीण. फाळणीवर लिहिता लिहिता ती स्वतःच्या घरावर आली होती. “मी तिसरीत असताना आम्ही नालासोपाऱ्याहून इथे आलो. ही खोली आधी ज्या आजोबांची होती, त्यांची तसबीर बाबांनी अजून काढलेली नाही. कोणी विचारलं तर ते आमचे आजोबा आहेत असं सांगायचं, असं बाबांनी शिकवलं. आता मला ते खरंच आजोबा वाटतात.” अंधेरीच्या एका हॉलमध्ये बक्षीस समारंभ झाला. स्टेजवरच्या माणसाने नेमका हाच परिच्छेद माइकवर वाचला. दशरथ पहिल्या रांगेत बसून रडत होता आणि टाळ्या वाजवत होता. तो काय ऐकत होता, ते त्याच्या लक्षातच आलं नाही. आमच्यापैकी कोणाच्याच आलं नाही.

त्यानंतर हर्षद दिसला नाही. फोन लागेनासा झाला. काही महिन्यांनी रंगाचे डबे घेऊन माणसं टेकडी चढली आणि त्यांनी प्रत्येक दारावर लाल आकडे टाकले. मग पात्र-अपात्रची यादी लागली. दशरथ अपात्र. सुनावणीला तो मला घेऊन गेला, कारण मी ऑफिसात काम करते आणि मला साहेबांशी बोलता येतं अशी त्याची समजूत. दशरथने जुन्या मालकाची कागदपत्रं पुढे केली, हे माझे वडील म्हणून सांगितलं. बिल्डरचा माणूस कोपऱ्यातून हसून म्हणाला, “वडील कसले? तसबीर आहे फक्त. तुम्ही नालासोपाऱ्याचे. मुलगी तिसरीत होती तेव्हा आलात.”

दशरथच्या तोंडचं पाणी पळालं. परतताना रिक्षात तो एकच गोष्ट घोकत होता. कोणीतरी चुगली केली. घरी पोचेपर्यंत त्याच्या मनात निकाल लागलाही होता. चुगली नंदकुमारची, शेजारच्या. भिंतीवरून दोघांचं जुनं भांडण होतं.

मी थेट बाईंकडे गेले. झालं ते सांगायला लागले. “तो म्हणाला, मुलगी तिसरीत असताना नालासोपाऱ्याहून आले...” पुढचं वाक्य मी बोललेच नाही, ते बाईंनी म्हटलं. हळू, शब्दन् शब्द बरोबर, तसबिरीसकट. मग त्या पलंगावर बसल्या. मला त्यांची भीती वाटली. त्या रडतील असं वाटलं होतं, पण त्या नुसत्या समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे बघत होत्या.

“किती पोरांनी लिवल्यानी गो?” त्यांनी विचारलं. सगळ्यांनीच, बाई. तुम्हीच शिकवलंत ना.

पुढचे दिवस वाईट होते. अपात्रांची दुसरी यादी लागली, तिसरी लागली. कोणी माळा चढवलेला, कोणी भाड्याने दिलेलं, सगळं बिल्डरच्या माणसांना ठाऊक. आमचं दार तेवढं वाचलं, आमच्या घरात निबंध लिहिणारं पोर नव्हतं. नळावर बायका बोलेनाशा झाल्या. ज्या गल्लीत दारं उघडी टाकून लोक गावाला जायचे, तिथे दिवसाढवळ्या कड्या लागू लागल्या. प्रत्येकाला वाटत होतं, समोरचा फितूर आहे. आणि एका रविवारी मंडळाच्या खोलीत मीटिंग भरली, तेव्हा दशरथने नंदकुमारची कॉलर धरली. त्याच्या हातात लाकूड तासायची धारदार पटाशी होती. निधी दारात उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, तिला सगळं समजलंय. ती तोंड उघडणार होती. सुनावणीतली वाक्यं बापाने घरी सांगितली असणार, आणि स्वतःची वाक्यं कोण विसरतं?

बाई उठल्या. “सोड त्याका, दशरथा. मी सांगितलंय.”

सगळे बाईंकडे वळले. “तो हर्षद माझ्याकडे येय. मी चाय पिता पिता बोलत गेलंय. कोणाचा काय, कोणाचा काय. म्हातारी झालंय, तोंडार ताबो नाय.” त्यांनी निधीकडे एकदाही पाहिलं नाही. निबंधाचं नावही घेतलं नाही.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चौथीतल्या पोरीसारखी जागच्या जागी बसले. दशरथने पटाशी खाली टाकली आणि बाईंच्या पायाशी थुंकला. त्या दिवसापासून वर्ग बंद झाला. कोणी दारात कचरा टाकायचं, कोणी त्यांच्या नळाचा पाइप काढून ठेवायचं. ज्यांच्या दोन पिढ्यांना त्यांनी लिहायला शिकवलं, तेच हे लोक. मला सगळ्यांची किळस आली. स्वतःचीही.

एकटी निधी आली. मी तेव्हा बाईंना डबा द्यायला गेले होते. तिने निबंध पुढे केला. एका देशात सरकार शाळेतल्या मुलांकडून घरच्या गोष्टी काढून घ्यायचं, त्यावर लिहिला होता. बाईंनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला, पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

“शेवटचो परिच्छेद खंय?”

“नाही लिहिणार, बाई. यापुढे कधीच नाही.”

बाईंनी लाल पेन घेतलं. टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मग खाली ‘उत्तम’ लिहिलं आणि वही तिच्या हातात दिली. ती गेल्यावर त्या रडल्या.

गेल्या आठवड्यात टेकडीच्या पायथ्याशी नवीन बॅनर लागला. वेगळं नाव, वेगळे रंग, खाली एक हसरी बाई रंगीत खडूंच्या पेट्या वाटत बसलेली. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी चित्रकला स्पर्धा. विषय, ‘माझं घर आतून’. जानकीबाईंनी तो वाचला आणि काठी टेकत प्रत्येक दार वाजवलं. “पोरांका पाठवू नका. तीच माणसा हत ती.” कोणी दार उघडलं नाही. एका घरातून आवाज आला, “आता दुसऱ्याला फितूर ठरवतेय.” मी ऑफिसात होते. बाईंनी फोन केला, तेव्हा मी लगेच निघाले, घरी वहिनीला फोन लावत राहिले. ती उचलत नव्हती.

पोचले तेव्हा राजेशची मुलगी गार्गी ओट्यावर बसली होती. दुसरीत आहे. हात रंगाने बरबटलेले, मांडीवर खडूंची नवी पेटी.

“आत्या, माझं चित्र त्या खडूवाल्या बाईंना सगळ्यात जास्त आवडलं,” ती म्हणाली. “सगळ्यांनी नुसती भिंत काढली. मी कपाटामागचं दारपण काढलं.”