उताणं झोपायची जागा

पाटाच्या पाण्यासाठी रस्ता अडवला म्हणून माझा नवरा आठवडाभर तुरुंगात होता. सुटून भवानीनगरला घरी आला आणि एवढा पलंग मोकळा असताना अगदी कडेला, एका कुशीवर, अंग चोरून झोपला. नीट झोपा की, म्हटलं, तर म्हणाला, "सवय लागली."

मग हळूहळू बोलला. बराकीत माणसं इतकी कोंबलेली, की एकानं कूस बदलली की अख्ख्या रांगेनं बदलायची. ह्याच्या वाट्याला संडासाजवळची ओली जागा आली होती. शेजारचा ऊसतोड कामगार आपण होऊन तिकडं सरकला आणि ह्याला कोरड्यात घेतलं. त्या कामगारावर पाण्याची मोटार चोरल्याचा आळ. जामीन कधीच मंजूर झालेला, पण हमी राहायला जमीनवाला माणूस मिळेना, म्हणून आत.

माझं डोकंच फिरलं. तुरुंग भरलेत, नवे बांधा, असं जो तो म्हणतो. अरे, ज्याला कोर्टानं सोडलंय त्याला तरी आधी बाहेर काढा!

वडगाव निंबाळकरला वडिलांनी माझ्या नावावर केलेलं रान आहे. त्याचा सातबारा मी काढून आणला. धाकट्या दिराला कळायचा अवकाश, तो धावतच आला.

"वहिनी, वळख ना पाळख, चोराला जामीन ऱ्हाताय?"

"चोर हाय का न्हाय ते कोर्ट ठरवंल, भावजी. तुमी कशाला निकाल देताय?"

"घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस!"

"भाजते. पीठ माझंच हाय."

खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. तो कामगार पळाला तर निस्तरायचं मलाच होतं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. सकाळी नवऱ्यानं गुपचूप मोटारसायकल बाहेर काढली.

बारामतीच्या कोर्टात साहेबांनी विचारलं, "आरोपी तुमचा कोण?" वकिलानं पढवलेलं सगळं मी विसरले.

"साहेब, माझा नवरा कोरड्यात झोपला तो ह्याच्यामुळं. आणखी काय वळख पायजे?"

साहेबांनी हमी मान्य केली.

तो सुटला. त्याच्या गावाकडची एसटी संध्याकाळी होती, म्हणून आम्ही त्याला घरी आणलं. जेवला आणि पडवीत सतरंजीवर, भिंतीला चिकटून, कुशीवर झोपला. थोड्या वेळानं त्याचे हातपाय सैल पडले आणि पाठ सतरंजीला टेकली.

तेवढ्यात दीर फाटकातूनच ओरडत आला, "आता चोर घरात बी आणले का?"

मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"आवाज खाली, भावजी. लई दिसांनी माणूस उताणा झोपलाय."