पायरीवरचा पाव्हणा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि नंबर येईपर्यंत तसाच बसून राहिलो... महिना होऊन गेला त्याला. रडू असं येत नाही, नुसतं थकल्यासारखं होतं.

अक्का माझी थोरली बहीण, पलूसला दिलेली. आमचं जन्मभर एकाच गोष्टीवरून भांडण. वडील फौजेत होते. आम्ही लहान असताना एकदा ते लई दिवसांनी सुट्टीवर आले, तेही मिशा काढून. आई रानात गेलेली. घरात मोठं माणूस नसताना कुणी आलं तर पायरीवर बसवायचं, गूळपाणी द्यायचं, आत घ्यायचं नाही, ही आईची शिस्त. तर आम्हा दोघांपैकी एकानं सख्ख्या बापालाच पायरीवर बसवलं आणि आई येईपर्यंत दार अडवून धरलं. वडील तेव्हा हसले, पण पुढं प्रत्येक सुट्टी संपवून निघताना म्हणायचे, "ओळख ठेवा बरं का." ते ऐकलं की आम्ही दोघं एकमेकांकडं बोट दाखवायचो. अक्का म्हणायची, ते तूच. मी म्हणायचो, तूच. तिला तर माझ्या अंगातला फाटका सदराही आठवायचा. लग्नकार्यात नातवंडांसमोर हा खटला हमखास निघायचा. आईवडील गेले, साक्षीदार उरला नाही, आणि भांडून भांडून मला स्वतःला खरं काय आठवतंय तेही कळेना. पण हार मानायची नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर तिला विसर पडायला लागला. मी शेवटचा गेलो तेव्हा दारात तीच उभी होती. मला खालून वर न्याहाळलं. "पाव्हणं, घरात कोण न्हाई. बसा हितंच." बसलो. तिनं तांब्या आणला, बशीत गुळाचा खडा. म्हटलं, "अक्का, अगं मी." तिनं परक्यापुढं डोलवावी तशी मान डोलावली आणि शेजारी टेकली.

"कुठलं म्हणायचं तुमी?"

"साताऱ्याचा."

"आमचा धाकटा भाऊ हाय तिकडं. लय भांडतो माज्यासंगं." बशी माझ्याकडं सरकवली. "बापाला वळखलं न्हाई ती मीच. पर त्येला सांगू नगा. मग भांडाया यायचा न्हाई त्यो."

खटला जिंकलो होतो, आणि गुळाचा खडा परत बशीत ठेवला.

मी अधूनमधून पेपरात लिहितो; आता पुरवणीवाले म्हणतात, बहिणीच्या आठवणी लिहा. लिहायला काय, मी लिहीन तेच खरं. खोडून काढायला समोर कुणी नाही. त्याचाच कंटाळा आलाय.

तेराव्याला पलूसला गेलो, तर घर माणसांनी भरलेलं. मी पायरीवरच टेकलो. भाचेसून बाहेर आली. "मामा, आवं हितं का बसलाय? आत चला की."

म्हटलं, "असू दे बाई. घरात कोण न्हाई. जरा गूळपाणी आण."