परत येणाऱ्यांसाठी जागा

धुळ्याच्या एसटी स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकांना आम्ही रोजचे प्रवासी भाऊ म्हणायचो. पूर्वी ते नौदलात, विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमानांना हातांनी खुणा करून उतरवायला होते. विमानांच्या आवाजानं एक कान गेलेला, म्हणून "चहा घेता का?" हेसुद्धा ते ओरडून विचारत.

त्यांचं ते जहाज आता निवृत्त होणार, अशी बातमी आली. कँटीनमध्ये आमच्यातले एक प्राध्यापक म्हणाले, "भाऊ, एका क्षेपणास्त्रात बुडेल असलं जहाज. आता काय उपयोग त्याचा?"

भाऊंनी बशी खाली ठेवली आणि अहिराणीत म्हणाले, "क्षेपणास्त्र जास, ते परत येत नई. विमानमा आपला पोऱ्या राहस. समुद्रमा त्याले उतराले जागा नको का?"

"आणि जहाजच बुडालं तर?"

"बुडी बी सकस," भाऊ शांतपणे म्हणाले. "पन पोऱ्या वर शे तवलोंग आम्ही डेक सोडतस नई."

बाहेर सुरतची बस मागं येऊ लागली. भाऊ उठून गेले, धुळीत उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात ताठ वर उचलले. गर्दी आपोआप बाजूला झाली. ड्रायव्हर आरशात फक्त त्यांच्याकडंच बघत होता.

कुणी विचारलं नव्हतं, तरी मी शेजारच्या अनोळखी प्रवाशाला सांगितलं, "आमच्या धुळ्याचे आहेत."